वरून दिसणारं अंगण

१

बर्फाचा कारखाना बंद पडून बरीच वर्षं झाली होती, पण भिंतींतला गारवा काही गेला नव्हता. वरच्या मजल्यावर, जिथे पूर्वी म्हणे मॅनेजर बसायचा, तिथे तिने आपलं बस्तान मांडलं होतं. खोलीला खिडकी नव्हती. एक टेबल, दोन खुर्च्या, एक मोठा स्क्रीन आणि एक टेलिफोन, एवढाच संसार. चहाचा थर्मास तेवढा घरचा.

सिनेमा तिचा, दिग्दर्शक ती, पण शूटिंग इथे चालत नव्हतं. ते शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, अर्धवट बांधून सोडलेल्या वसाहतीतल्या एका बैठ्या घराच्या अंगणात चालत होतं. तिथे एक खोटं कुटुंब राहत होतं: आजोबा, सून आणि नात. सकाळपासून दुपारपर्यंत ते तिघं अंगणात वावरायचे, कपडे धुवायचे, भांडायचे, खाटेवर लोळायचे. वर, आवाज खाली पोचणार नाही इतक्या उंचीवर, ड्रोन. आणि ड्रोनला दिसेल ते इथे, गार खोलीत, हिच्या स्क्रीनवर.

सिनेमाच तसा होता. एक माणूस दूरच्या खोलीत बसून एका कुटुंबावर नजर ठेवतो. कोण कधी उठतं, कोण कुठे बसतं, सगळं त्याला पाठ होतं. मग एके दिवशी हुकूम येतो आणि तो बटण दाबतो. असा माणूस खुनी की नुसता नोकरदार, हा तिचा प्रश्न होता आणि गेली काही वर्षं तिने तो भेटेल त्याला विचारून लोकांना अगदी नकोसं केलं होतं. युद्ध जसं लढतात तसाच सिनेमाही काढायचा, हा तिचा हट्ट. म्हणून नियम केला होता की शूटिंग संपेपर्यंत दिग्दर्शकाने अंगणात पाऊल टाकायचं नाही. नटांना 'ॲक्शन' नाही की 'कट' नाही. अगदीच अडलं तर तिने फोन करायचा, तोही कुंपणामागे व्हॅनमध्ये बसलेल्या सहायिकेला.

आजोबांचं काम करत होते तिचे सख्खे वडील. बाबा रंगभूमीवरचे मुरलेले नट. वर्षापूर्वी छाती उघडून टाके घालावे लागले, तेव्हापासून घरी बसले होते. "अंगावर शेवाळ धरायची वेळ आलीय," असं म्हणत त्यांनी हे काम तिच्याकडून अक्षरशः भांडून घेतलं होतं. डॉक्टरांनी एकच गोष्ट बजावली होती, उन्हात बसायचं नाही. परदेशी असलेल्या दादाने फोनवर त्याहून स्पष्ट सांगितलं, "तुझ्या सिनेमापायी बाबांचा जीव गेला तर मी तुझं तोंड बघणार नाही." तिने शब्द दिला होता. बाबांची खाट सावलीत राहील. मी डोळ्यात तेल घालून बघेन.

बघायचं कामच तर करत होती ती.

२

पहिल्यांदा झालं ते इतकं साधं होतं की त्याला 'काही झालं' म्हणणंही जिवावर यावं.

बाबांनी खाट ओढली. अंगणातल्या एकुलत्या एक झाडाखालून ती ओढत पलीकडच्या भिंतीच्या सावलीत नेली, उशी उलटी केली आणि आडवे झाले. स्क्रीनवर हे बघून तिने कपाळाला हात लावला. कालचाच प्रसंग आज पुढे चालू होता आणि काल खाट झाडाखाली होती. तिने फोन उचलला.

"बाबांना सांग, खाट होती तिथेच ठेवा. कालच्याशी जुळणार नाही."

"खाट झाडाखालीच आहे की, ताई," सहायिका म्हणाली.

"अगं, मी बघतेय ना. भिंतीशी नेलीय त्यांनी."

"बाबा अजून घरातच आहेत. चहा पितायत. मला दारातून त्यांचा कप दिसतोय."

तिने स्क्रीनकडे पाहिलं. बाबा खाटेवर पाय हलवत पडले होते. नाटकाआधी विंगेत उभे असताना हलवायचे तसा एकच पाय.

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला. ही सहायिका दहा वर्षं तिच्याबरोबर होती. चांगली होती, पण मोबाइलमध्ये डोकं घालून बसायची सवय तिलाही होतीच. वाद कशाला घाला.

तिने थर्मासमधला चहा ओतला, तो संपवला, आणि फोन वाजला.

"ताई, तुमची जीभ काळी आहे हो! बाबा आत्ता बाहेर आले आणि खाट ओढत थेट भिंतीशी. मी ओरडणारच होते, पण तुमचा नियम आडवा आला."

"उशी उलटी केली?"

"केली. का?"

"काही नाही," ती म्हणाली. स्क्रीनवर एव्हाना बाबा खाटेवरून उठून गेले होते, आणि नात त्या रिकाम्या खाटेवर दोरी घेऊन उभी होती.

३

माणूस शहाणा असला की आधी वायरीवर संशय घेतो. तिनेही तेच केलं. तंत्रज्ञाला बोलावून घेतलं. तो आला, त्याने सगळ्या वायरी काढल्या, पुसल्या, पुन्हा लावल्या.

"चित्र उशिरा येऊ शकतं मॅडम. लवकर कसं येईल?"

"ते मला माहीत असतं तर तुला कशाला बोलावलं असतं?"

मग त्यानेच तोड काढली. सहायिकेने लाल टॉवेल घेऊन कुंपणापाशी उभं राहायचं आणि इकडून 'टाक' म्हटलं की तो भिंतीवर टाकायचा. चित्राला किती वेळ लागतो ते कळेल. सहायिका टॉवेल शोधायला गेली. तंत्रज्ञ फोन कानाला लावून स्क्रीनसमोर उभा राहिला आणि थोड्याच वेळात खूश होऊन म्हणाला, "हे बघा. टाकला. चित्र एकदम ठणठणीत आहे."

भिंतीवर लाल टॉवेल पडला होता. त्याचं एक टोक दुमडलं होतं.

"तू 'टाक' म्हणालास?" तिने विचारलं.

तंत्रज्ञ उत्तर देणार तेवढ्यात फोनमधून सहायिकेचा आवाज आला. गार खोलीत तो सगळ्यांना स्वच्छ ऐकू आला. "मिळाला एकदाचा टॉवेल. टाकू का? हात वर करून उभी आहे कधीची."

तंत्रज्ञाने फोनकडे पाहिलं, स्क्रीनकडे पाहिलं, आणि तो हसला. "दोघी मिळून माझी फिरकी घेताय होय! घ्या, घ्या." पेचकस खिशात घालून तो जिना उतरून गेला. जाताना मात्र हसत नव्हता.

खोलीत दुसरी खुर्ची होती ती सल्लागाराची. सगळं युनिट त्याला याच नावाने हाक मारायचं. त्याने खरोखरच अशा खोलीत बसून काही वर्षं नोकरी केली होती. सिनेमातल्या नटाला बटणं कशी दाबायची ते शिकवायला त्याला बोलावलं होतं. ते शिकवून झालं तरी तो रोज येऊन बसायचा. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायची त्याची पद्धत होती. थंडी वाजते म्हणून असेल, असं ती धरून चालली होती.

"आमच्याकडे चित्र मागे असायचं," तो म्हणाला. "दोन-तीन श्वास. आपण बघतो ते तिकडे होऊन गेलेलं असतं. बरं पडतं ते."

"बरं कसं?"

"आता काही करता येणार नाही, असं वाटत राहतं." त्याने स्क्रीनवरच्या टॉवेलकडे बोट दाखवलं नाही, नुसती हनुवटी हलवली. "तुमचं पुढे आहे. हे मला नसतं जमलं."

"तुम्हाला पटतं हे? चित्र पुढे असू शकतं?"

"आम्हाला कागदावर तेच यायचं की. हा माणूस उद्या अमुक करणार आहे. आज त्याने काही केलेलं नसायचं. आज तो दाढी करत असायचा."

हे वाक्य सिनेमात घ्यायला हवं, एवढंच तिच्या मनात आलं.

४

दुपारी ड्रोन उतरला की त्यातलं रेकॉर्डिंग कारखान्यात यायचं. त्यात काही खोट नसायची. जे जेव्हा घडलं ते तेव्हाच दिसायचं. पुढे धावायचा तो फक्त समोरचा स्क्रीन. मग दोन दिवसांत तिने ठरवून टाकलं की हा आपल्या डोळ्यांचा शीण आहे, आणि ठरवून टाकल्यावर निवांत झाली. रोज सकाळी येऊन, थर्मास टेबलावर ठेवून, ती पुन्हा बघत बसू लागली.

सूनबाई अंगणात स्टोव्हवर पाणी तापवत होती. सूनबाई म्हणजे सुनेचं काम करणारी नटी. एव्हाना तिला युनिटमध्ये खरं नाव उरलं नव्हतं. स्क्रीनवर तिने पातेलं उचललं, पदराची चिमट कमी पडली असावी, पातेलं कलंडलं आणि पाणी तिच्या मनगटावरून खाली गेलं. आवाज नव्हताच. ती वाकली, हात पोटाशी धरला, आणि गोल गोल फिरू लागली. वरून ते एखाद्या नाचासारखं दिसत होतं.

तिच्या पोटात गोळा आला. हे तिला नंतर आठवायचं, कारण त्यानंतर तो कधी आला नाही.

फोनवर ती ओरडली, "स्टोव्ह विझवायला सांग. आत्ता. जा, पळ!"

सहायिका पळाली. नियमाबियमाची पर्वा न करता अंगणात गेली, स्टोव्ह विझवला, आणि धापा टाकत परत येऊन म्हणाली, "पाणी अजून कोमटसुद्धा झालं नव्हतं, ताई. झालं काय?"

"काही नाही. काही झालं नाही ना?"

"काहीच नाही."

दुपारी रेकॉर्डिंग आलं. त्यात सूनबाई स्टोव्हपाशी बसली होती, एक बाई धावत आली, स्टोव्ह विझवून गेली, आणि मग सूनबाई तिच्या तोंडाकडे पाहत बसून राहिली. एवढंच. तिने ते पुढे मागे करून पाहिलं. मनगट धडधाकट होतं.

हायसं वाटलं का? वाटलं, नाही कसं. पण त्याच्या शेजारीच दुसरं काहीतरी येऊन बसलं. तो गोल गोल फिरणारा देह, पोटाशी धरलेला हात, असं अभिनयात कुणाला सांगून करता येत नाही. ते तिने एकटीने पाहिलं होतं, आणि ते आता जगात कुठेच नव्हतं. तिला चुटपुट लागली. स्वतःची थोडी लाजही वाटली, पण चुटपुट जास्त.

"गेलं," ती मोठ्याने म्हणाली.

सल्लागाराने तिच्याकडे पाहिलं.

५

नात कुंपणाच्या भिंतीवर चढली तेव्हा ती स्क्रीनवर तिला पहिल्या क्षणापासून बघत होती.

पोर आठ वर्षांची, चुणचुणीत. आईने सेटवर सोडताना "उड्या मारू नकोस" एवढंच रोज सांगायचं आणि हिने रोज मारायच्या. भिंतीवर दोन्ही हात पसरून ती एक एक पाऊल टाकत होती. वरून तिची सावली तिच्याहून मोठी दिसत होती. मग एक वीट हलली. पोर हनुवटीवर पडली आणि पडूनच राहिली. बाबा घरातून धावत आले. ज्या माणसाला जिन्याच्या चार पायऱ्या चढायला मनाई होती तो माणूस धावला. त्यांनी तिला उचललं. त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर एक डाग पडला आणि वाढत गेला.

तिचा हात फोनवर होता. स्क्रीनमधलं चित्र आता नुसतं एक कप चहा पिण्यापुरतंच पुढे राहिलं नव्हतं. ते अंतर दिवसेंदिवस लांबत चाललं होतं. वेळ भरपूर होता. एवढा की आधी शेवटपर्यंत बघून घ्यावं आणि मग फोन करावा. म्हणून ती बघत राहिली. बाबांनी पोरीला मांडीवर घेतलं. सूनबाईने पदर फाडला. सगळं इतकं खरं होतं की तिने श्वास रोखून धरला. फोन उचलायचा तो पुढच्या मिनिटाला उचलू, मग त्याच्या पुढच्या.

फोन वाजला तो सहायिकेचा.

पोरीच्या हनुवटीला टाके पडले. जिवावरचं नव्हतं. रेकॉर्डिंग निर्मात्याने पाहिलं आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. संकलक म्हणाला की हा सिनेमाचा कणा आहे. पोरीची आईसुद्धा रडून झाल्यावर विचारती झाली, "हे ठेवणार ना सिनेमात? नाहीतर फुकटच पडली."

तिला वाईट वाटायला हवं होतं. ती वाट बघत बसली. जेवताना, अंघोळ करताना, गाडी चालवताना तिने वाट पाहिली. कुणी यायचं कबूल करून न यावं तसं झालं.

दुसऱ्या दिवशी सल्लागाराने खुर्चीवरचा आपला कोट उचलला. "मी येत नाही आता."

"का? शेवटचा प्रसंग बाकी आहे."

"मला शिकवायचं होतं ते झालं. नट काय, नाटकापुरतं करतात." त्याने मांड्यांखालून काढलेले हात कुठे ठेवायचे ते न कळल्यासारखे कोटात घातले. "तुम्हाला बसता येतं आता."

६

त्या संध्याकाळी बाबा जेवायला बसले ते मुकाट्याने. एरवी त्यांची जेवतानाची बडबड म्हणजे तीन अंकी कार्यक्रम. आज त्यांनी ताटातला घास नुसता इकडून तिकडे केला.

"पोर पडली तेव्हा तू काय करत होतीस?"

"बघत होते, बाबा."

"मग ओरडली का नाहीस?"

"मी कुठे, तुम्ही कुठे. आवाज पोचला असता का?" हे खोटं नव्हतं. म्हणूनच ते सहज तोंडातून बाहेर पडलं.

बाबांनी पाणी प्यायलं. "पोरी, तुझा सिनेमा मला कळत नाही असं नाही. तो बटण दाबणारा, त्याच्या मनाचं काय होतं, ते तुला बघायचंय. बघ. पण अंगणात बसून मला सारखं वाटतं, हिने आमच्या मनाचं काय होतं ते एकदाही विचारलं नाही. तिथे बसल्यावर माणूस कसा होतो माहितीय? पाय पसरताना विचार करतो. खाजवताना विचार करतो. आणि वर बघायचं नाही हे लक्षात ठेवून ठेवून मान दुखते."

"सवय होईल म्हणाला होतात."

"झाली ना. तेच सांगतोय." ते हसले. मग हसू पुसून त्यांनी विचारलं, "तुला काही वाटलं का गं? ते रक्त बघून?"

ती खरं सांगणार होती. खरं काय ते शोधायला ती आत गेली आणि तिथे तिला ती गार खोली सापडली, टेबल, स्क्रीन, थर्मास, सगळं जागच्या जागी.

"वाटलं की," ती म्हणाली.

बाबांनी मान डोलावली. जन्मभर दुसऱ्यांचे संवाद ऐकलेला माणूस तो. खोटं पडलेलं वाक्य त्यांना कळलं नसेल असं कसं म्हणावं? पण त्यांनी ताट बाजूला सारलं. गोळ्या घेतल्या, आणि उद्याच्या प्रसंगात कुठला सदरा घालू ते विचारलं.

७

शेवटचा प्रसंग साधा होता. सूनबाई आणि नात आत झोपल्या आहेत. आजोबा एकटे अंगणात, झाडाखाली, खाटेवर. बस्स. यानंतर सिनेमातला माणूस बटण दाबणार, आणि ते दाखवायचं नव्हतंच.

सकाळी तिने येऊन स्क्रीन लावला तेव्हाच तिच्या लक्षात आलं की सावल्या आखूड आहेत. बाहेर रस्त्यावर तिची स्वतःची सावली लांबच लांब पडली होती, आणि स्क्रीनवर झाडाची सावली बुंध्याशी गोळा झाली होती. तिकडे भर दुपार होती. अंगणाच्या मध्यभागी खाट. खाटेवर बाबा, पांढऱ्या सदऱ्यात. खाट सावलीतच ठेवली होती, पण सावली सरकली होती आणि बाबा सरकले नव्हते. प्रसंग लांबवायचा असं तिनेच सांगितलं होतं ना, मग ते कसे हलतील? ते जुन्या घडणीचे नट होते. पडदा पडेपर्यंत जागा सोडायची नाही.

त्यांनी एकदा छातीवर हात ठेवला. मग उठायचा प्रयत्न केला, अर्धवट बसले, आणि खाटेवरून खाली घसरले, हळूच, कुणी अंगावरची चादर ओढावी तसे. एक चप्पल पायात राहिली. दुसरी खाटेखाली होती.

तिने फोन उचलला. हे तिने केलं. नंतर कुणी काही म्हणो, फोन तिने लगेच उचलला होता. सहायिका व्हॅनमध्ये यायला अवकाश असावा. पलीकडे नुसती रिंग वाजत होती. ठीक आहे, वेळ आहे. बाबा अजून अंगणात आलेसुद्धा नसतील. 'बाबांना आज बाहेर पाठवू नकोस', एवढं एकच वाक्य म्हणायचं होतं. ते तिने मनात जुळवून ठेवलं.

स्क्रीनवर अंगणात कुणी नव्हतं. नियमच तसा होता. कितीतरी वेळाने सहायिका धावत आली, मग आतून सूनबाई. त्यांनी पालथ्या पडलेल्या बाबांना उताणं केलं. सूनबाईने दोन्ही हात तोंडावर घेतले. मग कुणीच काही केलं नाही.

रिंग थांबली. तिने पुन्हा नंबर लावला.

तेवढ्यात अंगणाच्या फाटकातून एक बाई आत आली. राखाडी शर्ट, केस मागे बांधलेले. तिला वाटलं, शेजारची असेल. मग तिने स्वतःच्या अंगावरच्या शर्टाची बाही पाहिली.

ती बाई धावत नव्हती. फाटकापासून खाटेपर्यंत ती चालत आली, बेतानं, वाटेतल्या वायरी ओलांडत. सहायिका उठून तिच्या गळ्यात पडली, आणि त्या बाईने सहायिकेच्या पाठीवरून हात फिरवला. मग ती बाबांपाशी खाली बसली. वरून तिचा फक्त भांग दिसत होता आणि खांदे. खांदे हलत होते का? तिने खुर्ची पुढे ओढली. एवढ्या उंचीवरून काही कळेना. बाई रडत असेल. रडत असणारच. बाप गेलाय तिचा. ते एकदा नीट दिसलं असतं तर सगळं ठीक झालं असतं, असं तिला वाटू लागलं. आत कुठेतरी अजून काहीतरी शिल्लक आहे याची खात्री पटली असती.

बाईने मान किंचित कलती केली. रडताना माणूस तशी करतो. चौकट जुळवतानाही करतो.

"बोला, ताई," फोनमध्ये सहायिका म्हणाली.

"ड्रोन जरा खाली घ्यायला सांग," ती म्हणाली. "चेहरा दिसत नाहीये."

"कुणाचा चेहरा?" सहायिका गोंधळली. "अंगणात कुणी नाहीये अजून. ड्रोन नुसता वर फिरतोय. बाबा आत्ता इथे घरात, माझ्यासमोर सदऱ्याची बटणं लावतायत."

तिने ओठ हलवले. ते जुळवून ठेवलेलं वाक्य तिथेच होतं, जिभेच्या टोकाशी. स्क्रीनवरची बाई अजून मान वर करत नव्हती. आत्ता करेल. आत्ता, या क्षणी.

फोनमध्ये मागून बाबांचा आवाज आला. "काय म्हणतेय ती?"

"ड्रोन खाली घ्या म्हणतायत. चेहऱ्यासाठी."

"काय सांगतेस!" बाबांचा आवाज एकदम वीस वर्षांनी तरुण झाला. "म्हणजे आमचं तोंड दिसणार एकदाचं लोकांना! आधी नाही का सांगायचं? दाढी केली असती." घरातलं दार उघडल्याचं ऐकू आलं, आणि त्यांच्या चपला फरशीवर वाजल्या. लांबून, बहुतेक अंगणातून, ते ओरडले, "विचार तिला, नीट दिसतंय का?"

"नीट दिसतंय का म्हणून विचारतायत," सहायिका हसत म्हणाली.

ती स्क्रीनच्या इतकी जवळ सरकली होती की तिच्या श्वासाने काच धुरकट झाली. तिने ती बाहीने पुसली.

"हो," ती म्हणाली. "आता दिसतंय."